नीट नाही निघाली, तरी बायोलॉजी कामाचीच

नीट नाही निघाली की बायोलॉजी वाया गेली, असं आपल्या गोंदियात फार लवकर ठरवून टाकतात. पण बायोलॉजीला दुसऱ्या पदवीची जोड देता येते. यूजीसीने 2022 पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला मुभा दिली आहे. म्हणजे धोटे बंधू सायन्स कॉलेजात बी.एस्सी. आणि सोबत मुक्त विद्यापीठातून व्यवस्थापन!

आपल्या भागातला सिकलसेल हा रक्ताचा आजारच घ्या. तांबड्या पेशी विळ्यासारख्या का वाकतात, हे जीवशास्त्र सांगतं. पण देवरी-सालेकसातल्या गावांत तपासणी कधी लावायची, त्यावरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या संपायच्या आत मागणी कशी नोंदवायची, हे व्यवस्थापनाचं काम. दोन्ही कळणारी माणसं दवाखान्यांना हवीतच. 2016 मध्ये गोंदियात मेडिकल कॉलेज आल्यापासून तर जास्तच.

प्रवेशाआधी दुसऱ्या पदवीची यूजीसी मान्यता मात्र नक्की तपासा.