इंगोलश्टाटचा राक्षस आणि जुंजी इतो यांची मांगा

मेरी शेली यांच्या १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीतील राक्षस जन्मतो तो जर्मनीत, बव्हेरियातील इंगोलश्टाटच्या विद्यापीठात शिकणाऱ्या व्हिक्टरच्या हातून. आणि या कथेला जपानी चित्रकथेचे, म्हणजे मांगाचे, रूप देताना भयकथाकार जुंजी इतो यांनी १९९०च्या दशकात जी चित्रे रेखाटली, ती या कादंबरीच्या सर्वांत समर्थ रूपांतरांत गणावी लागतात. या मांगाच्या इंग्रजी आवृत्तीला २०१९ मध्ये चित्रकथा क्षेत्रातील मानाचा आयझनर पुरस्कार, अन्य माध्यमातून केलेल्या सर्वोत्तम रूपांतरासाठी, मिळाला.

रूपांतर कादंबरीशी बरेच प्रामाणिक असले, तरी एका ठिकाणी इतो धाडसाने वेगळी वाट धरतात: कादंबरीतला व्हिक्टर राक्षसासाठी घडवत असलेली स्त्री अर्धवट असतानाच नष्ट करतो, तर मांगात ती पूर्ण होते, तेही व्हिक्टरच्या घरची मोलकरीण असलेल्या, निरपराध असून फाशी गेलेल्या जस्टीनचे मस्तक घेऊन, आणि त्यामुळे व्हिक्टरचा अपराध कितीतरी अधिक असह्य होतो.

कादंबरीचे जर्मनीशी असलेले नाते केवळ स्थळापुरते नाही, कारण १८१६ मध्ये जिनिव्हा सरोवराकाठी शेली व त्यांच्या मित्रांनी वाचलेला भुताखेतांच्या गोष्टींचा फ्रेंच संग्रह मुळात जर्मन कथांचा अनुवाद होता. व्हिक्टर जिथे शिकतो ते इंगोलश्टाटचे, १४७२ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ १८०० साली लांड्सहूटला हलले. शरीरविच्छेदनाच्या शिक्षणासाठी अठराव्या शतकात उभारलेल्या इंगोलश्टाटमधील इमारतीत आता वैद्यकाच्या इतिहासाचे जर्मन संग्रहालय असून मांगाच्या वाचकाने ते अवश्य पाहावे.