रोजचं विज्ञान : बुलेट ट्रेनची वाट एवढी महाग का?

घाटात एसटी वळली की आपण शेजाऱ्याच्या अंगावर कलंडतो. वेग दुप्पट झाला, तर हा रेटा चौपट होतो. त्यामुळे ताशी 320 किलोमीटरने धावणाऱ्या गाडीचं वळण इतकं ऐसपैस लागतं, की ते डोळ्यांना सरळच भासेल. साधी रेल्वे टेकडीला, गावाला वळसा घालते. बुलेट ट्रेनला मात्र वरून जावं लागतं किंवा खालून.

मुंबई-अहमदाबाद मार्ग 508 किलोमीटरचा आणि बहुतेक खांबांवर. त्या खांबांवर ठेवायची 40 मीटर लांबीची एकेक काँक्रीटची तुळई जवळपास 970 टनांची! वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत 21 किलोमीटर बोगदा, त्यातला 7 किलोमीटर ठाणे खाडीखालून.

या सगळ्याच्या खर्चाचा मूळ अंदाज 1.08 लाख कोटी रुपयांचा. त्यातले 81 टक्के जपानचं कर्ज, व्याज 0.1 टक्का, मुदत 50 वर्षं. पण कर्ज येनमधलं, म्हणजे येन वधारला की हप्ता फुगणार.

मार्गाची सरळ रेघ सरकवता येत नसल्यामुळे मधलं एखादं भाताचं खाचर मिळालं नाही, तरी काम अडतं. म्हणून मला वाटतं, खाचराच्या मालकाशी मनमोकळं बोलणं नकाशा पक्का होण्याआधीच व्हायला हवं.