मुलगा संशोधक होईल का? मार्कांआधी पिंड पाहा

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे खता-बियाण्यांच्या चौकशीबरोबर आणखी एक चौकशी सुरू होते. "साहेब, पोरगं इंजिनियरिंगला घालतोय. पुढं संशोधनात जायचं म्हणतंय. जमंल का त्याला?" मार्क किती पडले हे बाप लगेच सांगतो. पोराचा स्वभाव मात्र विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि खरा प्रश्न तर तोच असतो.

समजा, रात्री विहिरीवरची मोटार बंद पडली. मुलाने ती उघडली, बुश बदलला, पाणी सुरू केले. हाताला गुण आहे, यात शंका नाही. असा मुलगा कारखान्यात चांगले नाव काढील आणि त्यात कमीपणा काही नाही. पण दुसरा एखादा मुलगा मोटार सुरू झाल्यावरही तिथेच घुटमळतो. दरवर्षी हाच बुश का झिजतो, म्हणून वहीत तारीख टिपून ठेवतो. संशोधनाचा पिंड तो हा.

संशोधकाचे काम लांबून झकास दिसते, जवळून कंटाळवाणे असते. पेरणी यंत्राचेच घ्या. शेतात नेण्याआधी ते प्रयोगशाळेत तपासतात. ग्रीस लावलेल्या लांब पट्ट्यावर यंत्रातून बी पाडायचे आणि लागोपाठच्या दोन बियांमधले अंतर मोजपट्टीने मोजायचे. अशा शेकडो बिया. मग वेग बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. यंत्रातून आलेले बी फुटले का, उगवण घटली का, तेही पाहायचे. मळणी यंत्र असेल तर कणसात राहिलेला, भुशाबरोबर उडालेला आणि फुटलेला दाणा वेगवेगळा तोलायचा. शेतावरची चाचणी हंगामातच होणार. पाऊस रुसला की वर्ष गेले. एवढे करून 'हे यंत्र उपयोगाचे नाही' असाही निष्कर्ष निघतो, आणि तो स्वतःच्या हाताने लिहावा लागतो. ज्याला आपलेच खरे करण्याची सवय आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेतील डॉ. अनिल राजवंशी हे कानपूरच्या आयआयटीत शिकलेले. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते १९८१ साली फलटणला आले. गोड ज्वारीच्या रसापासून अल्कोहोल काढून त्यावर कंदील आणि शेगडी चालवण्याचे काम त्यांनी चिकाटीने केले. पण शेगडी पेटली म्हणून ती घरोघर पोचत नाही. अल्कोहोल म्हटले की अबकारीचे नियम आडवे येतात. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०२२ साली. एवढा धीर सगळ्यांजवळ नसतो. उलट अकोल्याच्या कृषि विद्यापीठाची मिनी डाळ मिल अनेक गावांत पोचलेली आपण पाहतो.

आता पैशाचे. बी.टेक. चार वर्षे, एम.टेक. दोन आणि पीएच.डी. चार-पाच. म्हणजे पोरगा तिशीला टेकेपर्यंत विद्यार्थीच. गेट परीक्षेतून मंजूर संस्थेत एम.टेक.ला गेलेल्यास महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. पीएच.डी.च्या कनिष्ठ संशोधकाची अधिछात्रवृत्ती २०२३ पासून ३७,००० रुपये आहे. चुलतभाऊ कंपनीतून घरी पैसे धाडीत असताना हे सोसवेल का, हे घरात आधी बोलून घ्यावे. सोसायटीचे कर्ज थकले असेल तर मुलाने आधी नोकरी धरावी. गेटचा निकाल तीन वर्षे चालतो. मुलीच्या बाबतीत 'एवढी वर्षे कशाला?' हा प्रश्न घरातूनच येतो. तिची वही तपासा, मग ठरवा.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे कृषि अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. मुलाला एकदा तिथे न्या, पण प्रदर्शनाच्या दिवशी नको. त्या दिवशी चालणारीच यंत्रे मांडलेली असतात. साध्या कामाच्या दिवशी एखाद्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याशेजारी त्याला अर्धा दिवस बसू द्या. तो घड्याळ बघतो की मोजपट्टी मागतो, ते पाहा. जाण्याआधी विभागप्रमुखांची परवानगी घ्यावी आणि परीक्षांचे दिवस टाळावेत.