'संत तुकाराम'ला व्हेनिसमध्ये नेमके काय मिळाले?

सुरतच्या भेस्तान, पांडेसरा, उधना भागात खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. लूमच्या पाळ्या सांभाळून इथे भजन-कीर्तन चालते, आणि तुकोबांचा विषय निघाला की प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' आठवतोच. या चित्रपटाचा अभिमान रास्त आहे. पण त्याच्याभोवती इतक्या ऐकीव गोष्टी जमल्या आहेत की ज्यांनी तो घडवला, त्यांचीच नावे झाकली जातात.

सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे या चित्रपटाने 1937 साली व्हेनिस महोत्सवात पहिला क्रमांक मिळवला. त्या वर्षी परदेशी चित्रपटाचा मुख्य मान, म्हणजे मुसोलिनी चषक, ज्युलियाँ द्युव्हिव्हिए यांच्या फ्रेंच चित्रपटाला गेला. 'तुकाराम'चा परीक्षकांनी खास उल्लेख केला आणि प्रशस्तिपत्र दिले. हा मान लहान नाही. गुलाम देशातला, मराठी भाषेतला, देहूच्या एका वाण्याची गोष्ट सांगणारा चित्रपट युरोपातल्या परीक्षकांना भिडला! हे खरे यश पुरेसे असताना खोटा क्रमांक कशाला चिकटवायचा?

दुसरे, 'प्रभात म्हणजे व्ही. शांताराम' या समीकरणामुळे दिग्दर्शनाचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. ते कंपनीचे भागीदार होते, पण 12 डिसेंबर 1936 रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो 57 आठवडे चालला.

तिसरा गैरसमज मला सगळ्यांत गोड वाटतो. 'आधी बीज एकले' हा अभंग तुकोबांचा म्हणून वर्षानुवर्षे म्हटला गेला. गाथेत शोधला तर तो सापडत नाही, कारण तो शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिला. त्याची चाल केशवराव भोळ्यांची. पडद्यावर तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांनी आयुष्याचा मोठा काळ रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या होत्या. त्यांच्या गळ्यातून हे शब्द असे उतरले की लोकांनी ते तुकोबांचेच मानले. कवीला याहून मोठी पावती कोणती? पण म्हणूनच आठवल्यांचे नाव घ्यायला हवे.

पडद्यावरच्या नटाला दुसऱ्याचा आवाज देण्याची पद्धत बोलपटाबरोबरच आली, असेही अनेकांना वाटते. 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, तेव्हा नट स्वतः गात आणि वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून साथ करत. पहिला मराठी बोलपट मानल्या जाणाऱ्या 'अयोध्येचा राजा'त (1932) गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, गायले आणि संगीतही त्यांनीच दिले. पार्श्वगायनाची सुरुवात 1935 मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'भाग्यचक्र'पासून मानतात.

अमेरिकेतही चित्र वेगळे नव्हते. 'द जॅझ सिंगर' (1927) पूर्ण बोलपट समजला जातो. प्रत्यक्षात त्याचा बराच भाग मूक आहे. पडद्यावर मजकुराच्या पाट्या येतात, फक्त गाणी आणि थोडे बोलणे ऐकू येते. 1929 च्या पहिल्या ऑस्कर सोहळ्यात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत ठेवलेच नाही, वॉर्नर कंपनीला विशेष सन्मान दिला. गाण्यासाठी वेगळे ऑस्कर 1934 च्या चित्रपटांपासून सुरू झाले.

आणि 'तुकाराम'ला आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कार का नाही, फिल्मफेअर का नाही? कारण हे दोन्ही पुरस्कार 1954 मध्ये सुरू झाले. त्या पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले, हे मात्र शंभर टक्के खरे.

भेस्तानहून त्याच रेल्वेमार्गावर पुढे लागणाऱ्या बिलिमोऱ्याचे मेहबूब खान. त्यांच्या 'मदर इंडिया'ला ऑस्कर मिळाले, असेही छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तो अंतिम पाच चित्रपटांत पोचला, पण पुरस्कार फेलिनींच्या 'नाइट्स ऑफ कबीरिया'ला गेला.

पुढच्या वेळी 'संत तुकाराम' लावाल तेव्हा सुरुवातीची नामावली पुढे ढकलू नका. दामले, फत्तेलाल, आठवले, भोळे ही नावे मुलांना वाचून दाखवा.