अमेरिकेतील जुने जलसेतू

नदी, ओढा किंवा दरी ओलांडून पाणी पलीकडे नेणाऱ्या पुलाला जलसेतू म्हणतात. अमेरिकेत असे पूल दोन कामांसाठी बांधले गेले. काहींवरून शेतीचे किंवा शहराच्या पिण्याचे पाणी जाई. काहींवरून आख्खा कालवाच जाई आणि त्या कालव्यातून मालाने भरलेल्या होड्या चालत. खाली नदी, वर कालवा आणि काठावरून होडी ओढत नेणारी खेचरे, हे दृश्य एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पूर्व भागात अनेक ठिकाणी दिसत असे. आज यांतले काही पूल धडधाकट आहेत, काही पुन्हा बांधले गेले आहेत आणि काहींचे नुसते खांब नदीत उभे आहेत. हा फरक बांधकामाच्या दर्जामुळे पडला तसाच, किंबहुना त्याहून अधिक, पुलाचे मूळ काम संपल्यावर त्याला दुसरे काम मिळाले की नाही यावरून पडला.

सर्वांत जुना नमुना टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात आहे. स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे मिशनच्या शेतीसाठी पाट काढले. एस्पाडा मिशनच्या पाटाला पिएद्रास नावाचा ओढा आडवा येत होता. त्यावर दोन कमानींचा दगडी जलसेतू बांधण्यात आला. पूल लहानसाच आहे, पण त्यावरून आजही पाणी वाहते. 2015 मध्ये युनेस्कोने सॅन अँटोनियोच्या मिशनांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात या पाटव्यवस्थेचाही समावेश आहे.

कालव्यांचे जलसेतू आले ते पुढच्या शतकात. रेल्वे येण्यापूर्वी जड माल दूरवर नेण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे पाणी. न्यूयॉर्क राज्याने 1817 ते 1825 या काळात हडसन नदीवरील ऑल्बनीपासून ईरी सरोवरावरील बफलोपर्यंत सुमारे 584 किलोमीटरचा ईरी कालवा खोदला. कालव्याचे पाणी जवळजवळ सपाट राहावे लागते, म्हणून वाटेतल्या नद्या ओलांडायला पुलांखेरीज फारसा इलाज नसतो. मूळ कालव्यावर असे 18 जलसेतू होते.

अशा पुलावर किती भार येतो, याचे उत्तर प्रथम ऐकताना अनेकांना चमत्कारिक वाटते. तरंगणारी होडी स्वतःच्या वजनाइतकेच पाणी बाजूला सारते. ते पाणी पुलावरून पुढेमागे सरकून कालव्यात जाते. त्यामुळे कोळशाने भरलेली होडी पुलावर आली तरी पुलावरचा एकूण भार जवळपास तेवढाच राहतो. खरा भार असतो तो पाण्याचा, आणि तो रात्रंदिवस असतो. त्याच्या जोडीला गळती असते. पाणी सांध्यांत शिरते, हिवाळ्यात त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि दगड एकमेकांपासून सुटू लागतात. उत्तर अमेरिकेतील जलसेतूंचा हा सर्वांत चिवट शत्रू आहे.

ईरी कालव्यावरील रॉचेस्टर शहराचा पहिला जलसेतू याच गळतीपायी बाद झाला. जेनेसी नदीवरचा हा सुमारे 800 फूट लांबीचा पूल 1823 मध्ये वापरात आला. तो अरुंद होता, वालुकाश्माचा होता आणि लवकरच गळू लागला. दुसरा, अधिक रुंद आणि चुनखडीच्या भक्कम दगडाचा पूल 1842 मध्ये तयार झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवा कालवा शहराला वळसा घालून गेला, तेव्हा हा पूल रिकामा पडला. शहराने त्याच्या माथ्यावर ब्रॉड स्ट्रीटचा रस्ता बांधला आणि कालव्याच्या रिकाम्या पात्रातून 1927 पासून भुयारी रेल्वे चालवली. ती 1956 मध्ये बंद झाली. रस्त्याखालची ती लांबलचक पोकळी त्यानंतर ओस पडली. तरीही नवे काम मिळाल्यामुळे मूळ कमानी वाचल्या. वरचा रस्ता काढून जुना पूल पायी फिरणाऱ्यांसाठी खुला करण्याची योजना शहराने आखली आहे.

ईरी कालव्याच्या इतर बहुतेक पुलांना हे भाग्य लाभले नाही. 1836 पासून कालवा रुंद व खोल करण्याचे मोठे काम सुरू झाले आणि नवे जलसेतू उभे राहिले. त्यांची रचना बेताची पण हुशारीची होती. दगडी कमानींवर फक्त खेचरांची वाट असे. पाणी मात्र शेजारच्या खांबांवर टेकलेल्या प्रचंड लाकडी पन्हळीतून जाई. कालवा बंद पडल्यावर लाकूड कुजले किंवा काढून नेले गेले, आणि उरली ती पाणी नसलेली अर्धी बाजू. फोर्ट हंटर येथील स्कोहारी ओढ्यावरचा पूल याचे उदाहरण आहे. 1840 च्या दशकातल्या या सहाशे फुटांहून लांब पुलाला 14 कमानी होत्या. आज त्यांतल्या काहीच शिल्लक आहेत. तो परिसर राज्याने ऐतिहासिक स्थळ म्हणून सांभाळला आहे. माँटेझुमाजवळ सेनेका नदीवर 31 कमानींचा रिचमंड जलसेतू होता. त्याचेही दोन्ही टोकांकडचे अवशेषच उरले आहेत. कॅमिलस गावातला नाइन माइल क्रीकवरचा पूल मात्र 2009 मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा पाण्याने भरला, लाकडी पन्हळीसकट. त्यावरून आता पर्यटकांची होडी जाते. हे काम स्थानिक स्वयंसेवकांच्या चिकाटीशिवाय झाले नसते.

लाकडाचाच पूल, तोही छपरासह, पाहायचा असेल तर इंडियाना राज्यात मेटामोरा येथे जावे लागते. व्हाइटवॉटर कालव्यावरचा, 1840 च्या दशकातला हा डक क्रीक जलसेतू छप्पर असलेला देशातला एकमेव लाकडी जलसेतू आहे.

डेलावेअर नदीवरचा पूल या सगळ्यांत वेगळा. पेनसिल्व्हेनियातला अँथ्रासाइट कोळसा हडसन नदीपर्यंत नेणारा डेलावेअर अँड हडसन कालवा 1828 मध्ये सुरू झाला. लॅकावॅक्सन येथे त्याच्या होड्या दोराच्या साहाय्याने नदीच्या पात्रातूनच पार होत. त्याच पात्रातून लाकूडतोड्यांचे अजस्र तराफे प्रवाहाबरोबर खाली येत. टकरी होत, भांडणे होत, वाहतूक खोळंबे. कालव्याच्या कंपनीने जॉन रोब्लिंग या जर्मनीहून आलेल्या अभियंत्याला बोलावले. पिट्सबर्ग येथे त्याने 1845 मध्ये तारांच्या दोरांवर टांगलेला जलसेतू नुकताच बांधला होता. इथेही त्याने तीच युक्ती वापरली. दगडी पुलापेक्षा यात नदीतले खांब कमी आणि अंतराअंतरावर लागले, त्यामुळे तराफ्यांना आणि बर्फाच्या लोंढ्यांना वाट मोकळी राहिली. 535 फूट लांबीचा हा झुलता पूल 1849 मध्ये खुला झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा आराखडा करणारा तोच हा रोब्लिंग.

1898 मध्ये कालवा बंद पडल्यावर पुलावरचे पाणी गेले आणि तो खासगी मालकीचा, टोल घेणारा रस्त्याचा पूल बनला. तो वाचला तो या टोलमुळे. कंपनीसाठी रोब्लिंगने त्याच कालव्यावर बांधलेले इतर जलसेतू आज नाहीत. 1980 मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने हा पूल विकत घेतला. 1983 मध्ये तारांची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा 1847 मध्ये जागेवरच विणलेले घडीव लोखंडाचे दोर अजून कामाचे असल्याचे दिसून आले. लाकडी भाग मात्र नव्याने बांधावा लागला. आज त्यावरून मोटारी जातात आणि अमेरिकेतला सर्वांत जुना तारांचा झुलता पूल म्हणून तो ओळखला जातो.

पोटोमॅक नदीच्या काठाने जाणाऱ्या चेसापीक अँड ओहायो कालव्यावर 11 दगडी जलसेतू होते. त्यांतला मोनोकसी हा सर्वांत देखणा: 54 फुटी सात कमानी आणि शुगरलोफ डोंगरातला पांढरट गुलाबी दगड. तो 1833 मध्ये पूर्ण झाला. यादवी युद्धात, सप्टेंबर 1862 मध्ये, दक्षिणेच्या फौजांनी तो उडवण्याचा प्रयत्न केला. दगड इतका कठीण आणि बांधकाम इतके घट्ट होते की सुरुंगासाठी भोके पाडणे त्यांना जमले नाही. जे फौजेला साधले नाही, ते पूर जवळजवळ साधणार होते. 1972 च्या अ‍ॅग्नेस वादळाच्या पुराने पूल खिळखिळा झाला आणि पुढची अनेक वर्षे तो लोखंडी पट्ट्यांच्या आधारावर उभा राहिला. 1998 मध्ये देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ऐतिहासिक वास्तूंत त्याचे नाव आले. त्यानंतर निधी उभा राहिला आणि 2005 मध्ये दुरुस्ती पूर्ण झाली.

त्याच कालव्यावरच्या कॅटॉक्टिन जलसेतूच्या तीनपैकी दोन कमानी 1973 मध्ये कोसळल्या. पडलेले दगड गोळा करून पुरून ठेवण्यात आले होते. जवळपास चार दशकांनी, 2011 मध्ये, त्यांतलेच बरेच दगड वापरून पूल पुन्हा उभा राहिला. दगड जपून ठेवण्याचा हा निर्णय दूरदृष्टीचा ठरला. विल्यम्सपोर्टच्या कोनोकोचीग जलसेतूची एक भिंत 1920 मध्ये फुटून होडी खाली ओढ्यात गेली होती. तो पूल 2019 मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा पाण्याने भरला गेला. उलट जॉर्जटाउन येथे पोटोमॅक ओलांडणारा पूल 1923 मध्ये शेजारी ‘की ब्रिज’ हा पूल झाल्यावर निरुपयोगी ठरला आणि दहा वर्षांनी पाडण्यात आला. त्याचे एक टोक आणि नदीतला एक खांब एवढेच आता दिसते.

शहरांना पाणी पुरवणाऱ्या जलसेतूंची कथा निराळी. 1832 ची कॉलऱ्याची साथ आणि 1835 ची भीषण आग यांनी न्यूयॉर्क शहराला स्वच्छ व भरपूर पाण्याची गरज पटवली. क्रोटन नदीचे पाणी सुमारे 66 किलोमीटरवरून, केवळ उताराच्या बळावर, 1842 मध्ये शहरात आले. हार्लेम नदीवरचा हाय ब्रिज 1848 मध्ये पुरा झाला: 15 दगडी कमानी, 1,450 फूट लांबी. पुढे मोठ्या जहाजांना त्याचे खांब अडचणीचे वाटू लागले. सगळा पूल पाडण्याचाच विचार होता. विरोध झाल्यावर 1928 मध्ये नदीवरच्या पाच कमानी काढून तिथे एकच पोलादी कमान बसवली गेली. 1970 च्या सुमारास पादचाऱ्यांसाठीही तो बंद झाला आणि चाळीसहून अधिक वर्षे तसाच राहिला. जून 2015 मध्ये तो पुन्हा खुला झाला.

वॉशिंग्टनची पाणीयोजना सैन्यातील अभियंता माँटगोमेरी मेग्ज याने उभारली. रॉक क्रीकवर त्याने ओतीव लोखंडाचे चार फूट व्यासाचे दोन नळच कमानीसारखे वाकवून त्यांच्यावर रस्ता टाकला. त्या नळांभोवती 1916 मध्ये काँक्रीटचा पूल बांधला गेला आणि ते आजही त्याच्या पोटात आहेत. कॅबिन जॉन ओढ्यावर त्याने 220 फुटांची एकच दगडी कमान उभारली. 1864 मध्ये पूर्ण झालेली ही कमान विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दगडी कमानींत जगात सर्वांत लांब होती. तिच्या माथ्यावरचा रस्ता आता एकाच मार्गिकेचा ठेवला आहे, आणि त्या रस्त्याखालून राजधानीचे पिण्याचे पाणी आजही जाते.