डॉक्टरांचा कायदा संसदेत कोण वाचतं?

डॉक्टर कोण होणार, त्याची नोंदणी कुठे होणार, चुकला तर त्याला शिक्षा कोण देणार, हे कायदा ठरवतो. २०१९ ते २०२३ या काळात संसदेने या क्षेत्रातले जवळजवळ सगळे जुने कायदे बदलले. २०१९ मध्ये ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचा, २०२० मध्ये भारतीय वैद्यक आणि होमिओपॅथीचा, २०२१ मध्ये फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन, आहारतज्ज्ञ, समुपदेशक यांच्यासाठी, आणि २०२३ मध्ये परिचारिका व दंतवैद्यांचा. बदल एवढा मोठा, पण तो संसदेत कसा तपासला गेला याबद्दल सुशिक्षित घरांतही, अगदी डॉक्टर मंडळींतही, ठाम गैरसमज आहेत.

"संसदेत नुसतं 'हो' म्हणतात, विधेयक कोणी वाचत नाही"

टीव्हीवर दिसणारा गोंधळ पाहून हे मत होतं. पण विधेयकाचं खरं वाचन सभागृहात होत नाही. ते संसदेच्या स्थायी समितीत होतं. आरोग्य खात्याच्या स्थायी समितीत ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्याला तिचं सदस्य होता येत नाही. बैठका बंद दाराआड होतात, तिथे पक्षाचा व्हिप चालत नाही, आणि ज्याला अहवाल पटत नाही तो आपलं भिन्नमत लेखी जोडू शकतो. कॅमेरा नसल्यामुळे भाषण करण्याचा मोह नसतो. विधेयकाचं कलम समोर ठेवून अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले जातात.

या समितीची ताकद पाहायची तर वैद्यकीय परिषदेचं प्रकरण पाहावं. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाबद्दलच्या तक्रारी जुन्या होत्या. २०१० मध्ये तिच्या अध्यक्षांना अटक झाली आणि परिषद बरखास्त करून कारभार प्रशासक मंडळाकडे दिला गेला. पण रोगाचं निदान नीट मांडलं ते स्थायी समितीच्या मार्च २०१६ च्या ९२ व्या अहवालाने. ज्यांच्यावर नियंत्रण ठेवायचं त्यांनीच नियंत्रक निवडून द्यायचे, ही रचनाच चुकीची आहे, असं समितीने स्पष्ट लिहिलं. त्याच वर्षी २ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने परिषदेवर देखरेखीसाठी माजी सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली, तेव्हा या अहवालाचा आधार घेतला.

पुढे २९ डिसेंबर २०१७ रोजी परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आणणारं विधेयक लोकसभेत आलं. त्यातलं ४९ वं कलम वादाचं ठरलं. आयुष डॉक्टरांनी एक ब्रिज कोर्स केला की त्यांना काही ॲलोपॅथिक औषधं लिहून देता येतील, अशी वाट त्यात होती. इंडियन मेडिकल असोसिएशनने २ जानेवारी २०१८ रोजी देशभर बंद पुकारला आणि विधेयक स्थायी समितीकडे गेलं. समितीने २० मार्चला १०९ वा अहवाल दिला. ब्रिज कोर्सची सक्ती नको, परवान्याची वेगळी परीक्षा न घेता ती एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेतच समाविष्ट करा, असं तिने सुचवलं. साधारण आठवड्याभरात मंत्रिमंडळाने ब्रिज कोर्स वगळला, परीक्षा एकत्र केली आणि खासगी महाविद्यालयांतल्या ४० ऐवजी ५० टक्के जागांचं शुल्क नियमनाखाली आणायचं ठरवलं. बंदचा दबाव होताच. पण कलमांची भाषा नेमकी कुठे आणि कशी बदलायची, ते समितीने दाखवून दिलं.

"समितीने सांगितलं की सरकारला ऐकावंच लागतं"

हा उलट दिशेचा गैरसमज. समितीच्या शिफारशी सल्ल्यादाखल असतात. सरकार काही घेतं, काही सोडतं. शिवाय लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेलं विधेयक आपोआप रद्द होतं. २०१७ च्या विधेयकाचं तेच झालं.

निवडणुकीनंतर २२ जुलै २०१९ रोजी नवं विधेयक आलं. त्यात ३२ वं कलम होतं, जे समितीने तपासलेल्या मसुद्यात नव्हतं. 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर' या नावाने आधुनिक वैद्यकाशी संबंधित व्यक्तींना मर्यादित परवाना द्यायचा, त्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशापर्यंत असू शकेल, आणि प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांत त्यांना ठरावीक औषधं स्वतंत्रपणे देता येतील. गावात डॉक्टर नाही, हा प्रश्न खरा आहे. गडचिरोली किंवा मेळघाटातल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. म्हणूनच या कलमाचं शांत, खोल वाचन व्हायला हवं होतं. ते झालं नाही. विधेयक पुन्हा समितीकडे गेलं नाही. २९ जुलैला लोकसभेत आणि १ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झालं. राज्यसभेत सरकारनेच दुरुस्त्या आणून राज्यांचे आणि निवडून आलेल्या डॉक्टरांचे प्रतिनिधी वाढवले आणि आयोग २५ वरून ३३ सदस्यांचा झाला, म्हणून ते पुन्हा लोकसभेत गेलं. सभागृहातही कायदा बदलतो, याचं हे उदाहरण. तरी नव्या कलमाला नवी छाननी मिळायलाच हवी होती, असं माझं मत आहे.

"प्रत्येक विधेयक समितीकडे जातंच"

जात नाही. तो निर्णय लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती घेतात, आणि सरकारची इच्छा त्यात मोठी असते. पीआरएस या विधिमंडळ-अभ्यास संस्थेच्या मोजणीनुसार पंधराव्या लोकसभेच्या काळात ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेच्या काळात १६ टक्के.

परिचारिकांचं उदाहरण यात सर्वांत जिव्हारी लागतं. त्यांचा जुना कायदा १९४७ चा. तो बदलणारं विधेयक २४ जुलै २०२३ रोजी लोकसभेत मांडलं गेलं, २८ जुलैला मंजूर झालं, ८ ऑगस्टला राज्यसभेत. स्थायी समितीची पायरी मध्ये आलीच नाही. आरोग्य मंत्रालयाने २०२० मध्ये मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या, हे मान्य. पण मंत्रालयाने स्वतःच्या मसुद्यावर सूचना घेणं वेगळं आणि सर्व पक्षांच्या खासदारांनी मंत्रालयालाच समोर बसवून विचारणं वेगळं. जो कायदा ७६ वर्षं थांबला, तो आणखी तीन महिने थांबला असता. रुग्णालयात रात्रपाळीला रुग्णाजवळ जी असते, तिच्या व्यवसायाच्या कायद्याला एवढा वेळ द्यायलाच हवा होता.

"कायदा पास झाला, संसदेचं काम संपलं"

या क्षेत्रातल्या कायद्यांत रोजच्या व्यवहाराचा बराच भाग कायद्यात नसतो, तो नंतर केलेल्या नियम-विनियमांत असतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी डॉक्टरांच्या वर्तनाचे नवे विनियम काढले. औषधं जेनेरिक नावानेच लिहायची, नाहीतर कारवाई, ही त्यातली अट घरोघरी चर्चेत आली. डॉक्टरांच्या आणि औषध कंपन्यांच्या संघटनांनी आक्षेप घेतले आणि २३ ऑगस्टला आयोगाने स्वतःच ते विनियम स्थगित करून २००२ चे जुने पुन्हा लागू केले. तीन आठवड्यांत हे सगळं घडलं आणि संसदेचा त्यात हात नव्हता.

हात घालता येत नाही असं मात्र नाही. असे नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर अधिवेशनाचे तीस दिवस ठेवावे लागतात. त्या काळात सभागृहं ते बदलू शकतात, रद्दही करू शकतात. अशा नियमांची तपासणी करणाऱ्या खास समित्याही दोन्ही सभागृहांत आहेत. हे अधिकार फार कमी वापरले जातात, ही खरी अडचण.

अंमलबजावणीचंही तसंच. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात फिजिओथेरपिस्टांबरोबर मनोविकार आणि वैद्यकीय समाजसेवकही येतात. आपल्या सरकारी रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक' म्हणून गरीब रुग्णाच्या योजनेच्या कागदांपासून बेवारस रुग्णाच्या पुनर्वसनापर्यंत सगळं पाहणारी ही माणसं पहिल्यांदाच राष्ट्रीय पातळीवरच्या व्यावसायिक कायद्याच्या कक्षेत आली. राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा स्थापन करायच्या होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

"आरोग्य हा राज्याचा विषय, दिल्लीचा काय संबंध?"

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्य सूचीत आहेत. वैद्यकीय व्यवसाय समवर्ती सूचीत. म्हणून संसद आणि विधिमंडळ दोघांनाही कायदे करता येतात. सीसीएमपी हा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांच्या नोंदणीवरून आज जो वाद चालू आहे, त्याचं मूळ महाराष्ट्र विधिमंडळाने २०१४ मध्ये केलेल्या दुरुस्तीत आहे.

"खासदाराने प्रश्न विचारला की डॉक्टरवर कारवाई होईल"

खासदार किंवा संसदीय समिती एकेका रुग्णाची तक्रार चालवत नाही. ती तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडेच करावी लागते. पण परिषदेने रुग्णाविरुद्ध निकाल दिला तर पुढे काय? २०१९ च्या कायद्याचं ३० वं कलम वाचा. परिषदेच्या कारवाईने व्यथित झालेला वैद्यकीय व्यावसायिक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाकडे अपील करू शकतो, असं तिथे लिहिलं आहे. रुग्णाचा उल्लेख नाही. जुन्या नियमांखाली रुग्णाला अपील करता येत होतं. नव्या कायद्याच्या एका वाक्यात ती वाट बंद झाली. आयोगाने रुग्णांची अपिलं याच आधारावर परत पाठवली. २०२२ च्या अखेरीस मंत्रालयाने दुरुस्तीचा मसुदा काढला, त्यात रुग्णाच्या अपिलाची तरतूद होती. म्हणजे उणीव सरकारलाही मान्य आहे. समितीपुढे साक्ष देणाऱ्यांत डॉक्टरांच्या संघटना, महाविद्यालयं, अधिकारी मोठ्या संख्येने असतात. रुग्णांच्या बाजूने बोलणारे थोडे. असं वाक्य नजरेतून सुटतं ते त्यामुळे.

यावर उपाय आपल्या हातात आहे. विधेयक समितीकडे गेलं की राज्यसभा सचिवालय वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन निवेदनं मागवतं, मुदत साधारण पंधरा दिवसांची असते. कोणीही नागरिक निवेदन पाठवू शकतो. प्रत्यक्ष साक्ष द्यायची तयारीही कळवता येते, बोलवायचं की नाही ते समिती ठरवते. निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत लागतं. त्यात रुग्णालयाबद्दलचा संताप लिहू नका; कलमाचा क्रमांक लिहा, त्यातले कोणते शब्द बदलायला हवेत ते लिहा, आणि तुमच्या अनुभवातलं कारण दोन ओळींत द्या. दुरुस्ती विधेयक जेव्हा येईल तेव्हा ३० व्या कलमापासून सुरुवात करा.