उकळलेली खीर बाधते कशी?

फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात शिवनाकवाडी नावाचे गाव आहे. तेथे यात्रा भरली होती. प्रथेप्रमाणे प्रसादाची खीर झाली आणि लोकांनी ती भक्तिभावाने खाल्ली. दुसऱ्या दिवशी गावात एकामागून एक माणसे आजारी पडू लागली. कोणाला जुलाब, कोणाला मळमळ, कोणाला ताप. पाहता पाहता आजाऱ्यांची संख्या सुमारे अडीचशेवर गेली. काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले. संशय अर्थातच खिरीवर आला.

विद्यार्थी मित्रांनो, ही बातमी वाचून तुमच्या मनात एक शंका आली असेल. खीर तर रटरटा शिजवलेली असते. उकळत्या पाण्याचे उष्णतामान १०० अंश सेल्सियस. एवढ्या उष्णतेत रोगजंतू मरतात, असे आपण शाळेत शिकतो. मग शिजवलेल्या अन्नातून विषबाधा होते तरी कशी?

या प्रश्नाचे उत्तर चुलीवर सापडत नाही. भांडे चुलीवरून उतरल्यापासून घास तोंडात जाईपर्यंत जो वेळ जातो, त्यात ते दडलेले आहे.

एकाचे वीस लाख

बहुतेक रोगकारक जीवाणू साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात वाढतात. ५ अंशांच्या खाली त्यांची वाढ अगदी मंदावते. ६० अंशांच्या वर ती थांबते. आपल्या शरीराच्या उष्णतामानाजवळ, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास, अन्न आणि ओलावा भरपूर असेल तर ते झपाट्याने वाढतात. जीवाणूची वाढ म्हणजे एकाचे दोन होणे. अनुकूल परिस्थितीत यासाठी वीस मिनिटे पुरतात.

आता वही-पेन्सिल घ्या. वीस मिनिटांत एकाचे दोन, चाळीस मिनिटांत चार, तासाभरात आठ. दोन तासांत चौसष्ट. अजून घाबरण्यासारखे काही दिसत नाही. पण सात तासांत हे दुप्पट होणे एकवीस वेळा घडते, आणि संख्या होते २०,९७,१५२! पहिल्या दोन तासांत चौसष्ट आणि पुढच्या पाच तासांत वीस लाख. म्हणूनच शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, असे अन्नशास्त्रज्ञ सांगतात.

मोठे भांडे उशिरा निवते

घरी आई वाटीभर खीर करते, ती अर्ध्या तासात निवते. गावजेवणाच्या काहिलीचे तसे नसते. याचे कारण भूमितीत आहे.

एक घन कल्पा, त्याची बाजू १० सेंटिमीटर. त्याचे घनफळ १,००० घन सेंटिमीटर आणि पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर. आता बाजू दहापट करा, म्हणजे एक मीटर. घनफळ हजारपट वाढून दहा लाख घन सेंटिमीटर झाले, पण पृष्ठफळ वाढले फक्त शंभरपट, म्हणजे ६०,००० चौरस सेंटिमीटर. उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातून. मोठ्या घनात प्रत्येक घन सेंटिमीटर अन्नाच्या वाट्याला आलेला पृष्ठभाग एकदशांशच राहिला!

त्यात खीर असते दाट. पातळ द्रवात गरम भाग वर येतो, थंड भाग खाली जातो आणि उष्णता लवकर पसरते. खपली गव्हाच्या दाट खिरीत असे प्रवाह वाहू शकत नाहीत. आतली उष्णता कणाकणाने वहनाने बाहेर यावी लागते, आणि वहनात जाडी दहापट झाली की निवण्याचा वेळ सुमारे शंभरपट होतो.

समजा पहाटे पाच वाजता काहील उतरवली आणि दुपारी बारा वाजता पंगत बसली. काहिलीच्या मध्यभागी बराच वेळ ६० अंशांच्या वर उष्णता असेल. पण कडेचा आणि वरचा थर केव्हाच कोमट झालेला असतो. पुढे मधला भागही हळूहळू उतरत जातो आणि जीवाणूंना सोयीच्या पट्ट्यात तासन्‌तास रेंगाळतो. दुपारची उरलेली खीर रात्री खाल्ली, तर धोका आणखी वाढतो.

उकळीला न जुमानणारे

पण उकळीत सगळे जीवाणू मेले असतील, तर वाढायला शिल्लक राहिले कोण? काही जीवाणू संकटकाळी आपल्याभोवती जाड कवच तयार करतात. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. कठीण कवचातले बी जसे उन्हाळाभर मातीत पडून राहते आणि पावसाने रुजते, तसेच हे. माती, धान्य, मसाले यांतून बीजाणू स्वयंपाकघरात येतात. नेहमीच्या उकळीने ते मरत नाहीत. अन्न कोमट झाले की ते ‘रुजतात’ आणि त्यांची वाढ सुरू होते.

‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ हा असाच एक जीवाणू. ४३ ते ४७ अंशांच्या दरम्यान तो दहा-बारा मिनिटांतच दुप्पट होऊ शकतो. त्याला प्राणवायू नको असतो. मोठ्या भांड्यातील रश्शाच्या किंवा आमटीच्या तळाशी त्याचे चांगले फावते.

दुसरा ‘बॅसिलस सिरियस’. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ब्रिटनमधील चिनी उपाहारगृहांत परतलेला भात खाऊन अनेकांना उलट्या झाल्या. चौकशीत असे आढळले की भात मोठ्या प्रमाणात आधी उकडून ठेवला जाई. शीतकपाटात ठेवला तर शिते एकमेकांना चिकटतात, म्हणून तो रात्रभर बाहेरच राही, आणि गिऱ्हाईक आले की कढईत परतून दिला जाई. रात्रभरात बीजाणू रुजले, जीवाणू वाढले आणि त्यांनी भातात विष तयार केले. हे विष मोठे चिवट आहे. १२१ अंशांवर दीड तास तापवूनही ते नाश पावत नाही. मग कढईत दोन मिनिटे परतून काय होणार? ‘पुन्हा गरम केले की झाले’ हा समज किती धोक्याचा आहे, हे यावरून दिसते.

हातावरून आलेले

काही जंतू शिजवण्यातून वाचलेले नसतात. ते नंतर येतात. ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा जीवाणू अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर राहतो. पिकलेल्या जखमेत तर तो विपुल असतो. उकळीत तो सहज मरतो. पण निवलेल्या खिरीत कोणी बोटाला जखम असलेल्या हाताने खोबरे मिसळले, की त्याला गोड, ओले, कोमट असे आयतेच घर मिळते. त्याचे विषही उकळीला दाद देत नाही. ते पोटात गेल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत उलट्या सुरू होतात.

कोल्हापूरच्या मिसळीकडेही या दृष्टीने पाहा. हॉटेलातील कट सकाळपासून भट्टीवर उकळत असतो. ६० अंशांच्या कितीतरी वर असल्याने त्यात जीवाणूंची वाढ होत नाही. काळजी घ्यावी लागते ती वरून पडणाऱ्या कच्च्या कांद्याची आणि कोथिंबिरीची, त्या चिरणाऱ्या हातांची, आणि शेजारच्या पाण्याच्या पेल्याची. तिखटाने जंतू मरतात, या समजुतीवर मात्र विसंबू नका.

तरंगते गावजेवण

हातांवरून पसरणाऱ्या आजाराचा बारकाईने अभ्यास समुद्रावरही झाला आहे. पर्यटकांच्या मोठ्या जहाजांवर हजारो प्रवासी काही दिवस एकाच स्वयंपाकघरातले जेवतात, त्याच पळ्या हाताळतात आणि त्याच जिन्यांचे कठडे धरतात. असे जहाज म्हणजे आठवडाभर चालणारे तरंगते गावजेवणच. अशा जहाजांवर कधी कधी उलट्या-जुलाबांची साथ येते, आणि बहुतेक वेळा तिचे कारण असतो ‘नोरोव्हायरस’ हा विषाणू.

या विषाणूचा शोध एका शाळेमुळे लागला. १९६८ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या शाळेत निम्मी मुले आजारी पडली. जीवाणू काही सापडेना. अखेर १९७२ साली अल्बर्ट कॅपिकियन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू पाहिला. त्याचा व्यास मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या तिपटीहूनही थोडा कमी! तो अन्नात वाढत नाही, पण त्याला वाढण्याची गरजही नसते. शंभराहून कमी विषाणू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. नुसत्या अल्कोहोलयुक्त द्रवाने हात पुसून तो नीटसा जात नाही. साबण आणि वाहते पाणीच हवे.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९७५ साली जहाजांच्या स्वच्छता-तपासणीची योजना सुरू केली. तीत निरीक्षक आगाऊ सूचना न देता येत. पाण्याच्या टाक्या, शीतगृहाचे उष्णतामान, हात धुण्याची सोय असे सारे तपासून जहाजाला शंभरपैकी गुण देत. ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे जहाज नापास! आजारी आचाऱ्याला स्वयंपाकघरापासून दूर ठेवले जाते की नाही, हेही पाहिले जाई. गावच्या पंगतीलाही हा नियम लागू करायला काय हरकत आहे?

गुन्हेगार कसा सापडतो?

शिवनाकवाडीच्या यात्रेत खिरीखेरीज खाद्यपदार्थांचे स्टॉलही होते. अशा वेळी नेमके काय बाधले, हे कसे ठरवायचे? यासाठी शास्त्रज्ञ एक सोपी युक्ती वापरतात. त्यासाठी आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

एका पंगतीला १०० माणसे जेवली आणि ४९ आजारी पडली. ४९ पैकी ४४ जणांनी आमटी खाल्ली होती. मग दोषी आमटी का? थांबा! आमटी खाणारे होते ९०, त्यांतले ४४ आजारी, म्हणजे शेकडा ४९. आमटी न खाणारे १०, त्यांतले ५ आजारी, म्हणजे शेकडा ५०. खाल्ली काय, न खाल्ली काय, फरक नाही. आमटी निर्दोष! आता खीर पाहू. खीर खाणारे ८०, त्यांतले ४८ आजारी, म्हणजे शेकडा ६०. न खाणारे २०, त्यांतला १ आजारी, म्हणजे शेकडा ५. संशयाची सुई खिरीकडे वळली.

म्हणून चौकशी करणारे अधिकारी जे आजारी पडले नाहीत त्यांनाही प्रश्न विचारतात. ‘मला काही झाले नाही, मला कशाला विचारता?’ असे म्हणू नये. त्यांचे उत्तर आजाऱ्याच्या उत्तराइतकेच मोलाचे असते.

दुसरा धागा वेळेचा. जेवल्यावर एक ते सहा तासांत उलट्या झाल्या, तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय येतो. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा येऊन जुलाब झाले, तर परफ्रिंजेन्सचा. बारा तासांनंतर, कधी दोन-तीन दिवसांनीही, तापासह जुलाब झाले तर साल्मोनेलासारख्या जंतूंचा. पण शेवटचा पुरावा प्रयोगशाळेत मिळतो, आणि त्यासाठी अन्नाचा नमुना शिल्लक असावा लागतो. घाबरून उरलेले अन्न फेकून दिले, भांडी घासून टाकली, की पुरावाच नाहीसा होतो.

मग करायचे काय?

प्रसाद नाकारणे आपल्याला जमत नाही, आणि त्याची गरजही नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेसारख्या ठिकाणी हजारो लोक अन्नछत्रात जेवतात. मोठ्या प्रमाणावरचा स्वयंपाक सुरक्षितपणे करता येतो; थोडे शास्त्र पाळावे लागते, इतकेच.

स्वयंपाक पंगतीच्या वेळेला धरून उरकावा. वाढेपर्यंत भांड्याखाली निखारे ठेवून अन्न वाफाळते राहू द्यावे. अन्न ठेवायचेच असेल तर ते उथळ परातींत पसरून लवकर निववावे आणि थंड जागी ठेवावे. शिजल्यानंतर मिसळायचे पदार्थ स्वच्छ पळीने मिसळावेत. बोट पिकलेल्या किंवा पोट बिघडलेल्या माणसाला त्या दिवशी दुसरे काम द्यावे. पाणी निर्जंतुक केलेले असावे. प्रत्येक पदार्थाचा छोटा नमुना स्वच्छ डब्यात घालून दोन-तीन दिवस शीतकपाटात ठेवावा. वेळ आलीच तर अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांना तो उपयोगी पडतो.

आणि कोणी आजारी पडलेच, तर पहिला धोका शरीरातील पाणी कमी होण्याचा. लहान मुलांना व वृद्धांना विशेष. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचवले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढेच त्याचे घरगुती प्रमाण. दवाखान्यात जाईपर्यंत ते घोटघोट पाजत राहावे.

घरी करून पाहा

मोठ्या माणसाच्या मदतीने रव्याची दाट पेज करा. एक भाग खोल पातेल्यात ठेवा, तेवढाच दुसरा भाग परातीत पसरा. प्रयोगशाळेतील उष्णतामापीने दर दहा मिनिटांनी दोन्हींच्या मध्यभागाचे उष्णतामान मोजा आणि आलेखपत्रावर दोन रेषा काढा. ६० अंशांची आडवी रेषा मारा. कोणती पेज किती वेळात निवली ते लिहून ठेवा आणि वर्गात दाखवा.

हाच आलेख गावच्या यात्रा समितीलाही दाखवा. काहील उतरवण्याची आणि पंगत बसण्याची वेळ ठरवताना तो त्यांच्या उपयोगी पडेल.